मद्यपी, रस्ता आणि कायदा



रात्री अकराच्या सुमारास एखाद्या शहरातील बाजारपेठ बंद झालेली असते. बंद दुकानाच्या पायरीशी एक मनुष्य पडलेला असतो. त्याचे कपडे मळलेले आहेत, तोंडाला दारूचा वास येत आहे आणि त्याचे बोलणे अस्पष्ट आहे. तेवढ्यात गस्तीवरील शिपाई तेथे येतो. त्या शिपायाने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो. परंतु या एका मनुष्याविषयी आपल्या देशात निरनिराळ्या काळी निरनिराळे कायदे झाले. त्यांपैकी कोणी त्याला उपद्रवी मानले, कोणी पापी मानले, तर कोणी रुग्ण मानले. शिपायाच्या हाती मात्र तो एकच मनुष्य असतो, आणि निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो.

या कायद्यांपैकी सर्वांत परिचित तरतूद १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील. लॉर्ड मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली तिचा मसुदा सादर केला; पुढे १८६० साली तो संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. या संहितेच्या ५१० व्या कलमात मद्यधुंद व्यक्तीच्या सार्वजनिक गैरवर्तनाचा विचार केलेला होता. शिक्षा होती जास्तीत जास्त चोवीस तासांची साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संपूर्ण संहितेत याहून अल्प कैद क्वचितच आढळेल.

या कलमाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुन्हा सिद्ध होण्यास तीन गोष्टी आवश्यक होत्या. मनुष्य नशेच्या अवस्थेत असला पाहिजे. तो सार्वजनिक जागी, किंवा जेथे प्रवेश करणे हेच अतिक्रमण ठरेल अशा जागी आलेला असला पाहिजे. आणि तेथे त्याच्या वर्तनाने कोणाला तरी त्रास झाला पाहिजे. यांतील तिसरी अट सर्वांत महत्त्वाची होय. संहिताकारांनी पिणे हा गुन्हा मानला नाही. पिऊन रस्त्याने चालणे हाही गुन्हा मानला नाही. दुसऱ्याला उपद्रव होऊ लागला की मगच त्यांनी दंडशक्तीला पाचारण केले. पडून राहिलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला मनुष्य या कलमाच्या कक्षेत सहसा येत नव्हता.

तथापि संहिता संमत झाल्यानंतर वर्षभरातच, १८६१ साली, पोलीस कायदा झाला. त्याच्या ३४ व्या कलमाने ज्या नगरांना ते लागू केले जाईल तेथील रस्त्यांवरील किरकोळ गुन्ह्यांची यादी दिली. त्यात नशेत किंवा दंगा करताना आढळणाऱ्या, तसेच स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीचा समावेश होता. शिक्षा पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा आठ दिवसांपर्यंत कैद. आणि आपल्या नजरेसमोर असा गुन्हा करणाऱ्यास पोलीस अधिकाऱ्याने अधिपत्रावाचून पकडावे, अशीही मुभा. संहितेने ज्याला चोवीस तासांहून अधिक शिक्षा देण्याचे नाकारले होते, त्यालाच पोलीस कायद्याने आठ दिवस आत ठेवण्याची सोय केली. शिवाय ‘असमर्थ’ हा शब्द वापरून असहायतेलाही त्याने गुन्ह्यांच्या पंक्तीला बसविले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी स्वतंत्र पोलीस कायदे झाले, तेही रस्त्यावरील शिस्त राखण्याच्या हेतूनेच.

दहा रुपये आणि पन्नास रुपये या रकमांचा अर्थ त्या काळाच्या संदर्भात समजून घेतला पाहिजे. कंपनी सरकारच्या पलटणीतील शिपायाचे मासिक वेतन सात रुपये होते. म्हणजे दहा रुपये हा दंड शिपायाच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होता; आणि ज्याला तो परवडत नसे, त्याच्यापुढे कोठडीचा मार्ग उरे. पुढे रुपयाचे मोल घटत गेले आणि दंडाचा आकडा मात्र तसाच राहिला. एकेकाळी जबर वाटणारी शिक्षा शेवटी एक पेला चहाच्या किमतीवर आली. भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ रोजी घेतली, तोवर हा दहा रुपयांचा आकडा कायद्याच्या पुस्तकात कायम होता. नव्या संहितेच्या ३५५ व्या कलमात कैदेची मर्यादा चोवीस तासांचीच आहे. दंडाची मर्यादा एक हजार रुपये झाली आहे, आणि सामाजिक सेवेची शिक्षा प्रथमच समाविष्ट झाली आहे. ज्या मोजक्या सहा गुन्ह्यांना नव्या संहितेने ही शिक्षा देऊ केली, त्यांत हा एक आहे. सामाजिक सेवा म्हणजे समाजाच्या उपयोगाचे, बिनमोबदल्याचे काम. दंड भरू न शकणाऱ्या गरिबाच्या दृष्टीने हा पर्याय दिलासा देणारा ठरू शकेल. मात्र असे काम कोठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती काळ करावयाचे, याची व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात उभी राहिल्याखेरीज तो कागदावरच राहील.

आता अंमलबजावणीकडे वळू. कलम ५१० चा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र होता. नव्या कलमाचेही तसेच आहे. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना अधिपत्रावाचून अटक करता येत नाही, की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास करता येत नाही. म्हणजे ज्या तरतुदीचे नाव सर्वांच्या ओठी असते, तिच्या आधारे गस्तीवरील शिपाई त्या मनुष्याला उचलू शकत नाही. मग तो काय करतो? जेथे १८६१ चा किंवा राज्याचा स्वतःचा पोलीस कायदा लागू असेल तेथे त्याचा आधार घेतो; दारूबंदीचा वा अबकारी कायदा कडक असेल तर त्याखाली नोंद करतो; आणि तेही जमण्यासारखे नसेल तर दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी प्रतिबंधक अटक केल्याचे दाखवितो. एकाच घटनेला कोणता कायदा लावावयाचा याची निवड अशा रीतीने पोलीस ठाण्यातील मेजावर होते.

त्यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. नागरिकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणारी ही बहुमोल तरतूद आहे. परंतु ज्या वर्तनाची संहितेतील सर्वाधिक कैदच चोवीस तासांची, त्या वर्तनासाठी अन्य कायद्याखाली पकडलेल्या माणसाच्या बाबतीत तिचा परिणाम विपरीत होतो. न्यायालयात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याने जवळजवळ पूर्ण शिक्षा भोगलेली असते. खटला चालतो तो शिक्षेनंतर. मग वाद घालून, साक्षीदार आणून, कामाचा आणखी एक दिवस बुडवून निर्दोष ठरण्यात रोजंदारीवरील मजुराला स्वारस्य कसे राहणार? तो गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि निघून जातो. पोलिसांच्या पुराव्याची परीक्षा न्यायालयात क्वचितच होते याचे एक कारण हे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात या जुन्या कायद्यांच्या जोडीला दारूबंदीचे कायदे आले. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोगाखेरीज मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. त्याआधीच, १९३७ साली, राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने सेलम जिल्ह्यात दारूबंदीचा प्रारंभ केला होता. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९६० साली राज्याचे विभाजन झाल्यावर तो गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांकडे वारशाने आला. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने ती परवान्यांच्या मार्गाने सैल केली. या कायद्याने दृष्टिकोनच पालटून टाकला. संहितेच्या लेखी उपद्रव हा गुन्हा होता. येथे परवान्याविना केलेले प्राशन हाच गुन्हा झाला. रस्त्यावर नशेत आढळणे व गैरवर्तन करणे यासाठी ८५ वे कलम वेगळेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बालसारा खटल्यात हा कायदा बहुतांशी वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्या सेवनावरील बंदीसारखे काही भाग मात्र रद्द केले.

या निर्णयातून पुराव्याचा एक कूट प्रश्न उभा राहिला. औषधातील मद्यार्क पिणे कायदेशीर आणि दारू पिणे बेकायदेशीर. परंतु तोंडाचा वास दोहोंतील फरक सांगत नाही. पेसिकाका खटल्यात नेमके हेच घडले. मुंबईत जीप चालविताना अपघात झालेल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडाला वास येत होता, आणि आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते असे त्याचे म्हणणे होते. आरोपीने आपले निरपराधित्व सिद्ध करावे, की सरकारने त्याचा अपराध? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बहुमताने दुसरी बाजू उचलून धरली. मनाई असलेली दारूच प्राशन केली गेली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे ठरले. त्यानंतर मुंबईच्या विधिमंडळाने १९५९ साली कायद्यात दुरुस्ती केली. रक्ततपासणीची पद्धत घालून दिली. आणि रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आढळल्यास आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. गणित आणि रसायन यांनी अशा रीतीने न्यायालयात प्रवेश केला.

परंतु रक्त तपासणारी प्रयोगशाळा शहरात आणि मनुष्य पडलेला खेड्याच्या वेशीवर, ही आपल्या देशाची स्थिती. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणे सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांच्या टिपणावर उभी राहतात: श्वासाला वास आहे, बुबुळे विस्फारलेली आहेत, चाल अस्थिर आहे, बोलणे असंबद्ध आहे. एवढ्यावरून मनुष्य नशेत होता असे म्हणता येईल काय? १९७१ च्या महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर नकारार्थी दिले. रक्ताची किंवा लघवीची तपासणी झाली नसताना केवळ या लक्षणांवरून निश्चित निष्कर्ष काढता येणार नाही, असे त्याने म्हटले. पन्नास वर्षांनंतर, २०२१ साली, केरळच्या उच्च न्यायालयानेही खाजगी जागी, कोणालाही उपद्रव न देता केलेले मद्यपान हा गुन्हा नव्हे आणि नुसता वास म्हणजे नशा नव्हे, असा निर्वाळा दिला. एवढ्या दीर्घ अंतराने तेच तत्त्व पुन्हा सांगावे लागले, यावरून ठाण्यातील रीत आणि न्यायालयाचा निर्णय यांत किती अंतर आहे याची कल्पना यावी.

वाहनचालकांच्या बाबतीत कायदा अधिक रेखीव झाला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क ही मर्यादा घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पकडलेल्या चालकाची अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, अन्यथा त्याला सोडून द्यावे लागते, असेही बंधन आहे. हे बंधन निव्वळ औपचारिक नाही. शरीर मद्यार्काचा निचरा स्थूलमानाने ताशी १५ मिलिग्रॅम या वेगाने करीत असते. अपघाताच्या वेळी ज्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम मद्यार्क होता, त्याचे रक्त तीन तासांनी घेतले तर सुमारे १५ मिलिग्रॅमच आढळेल, आणि दोषी मनुष्य कायद्याच्या मर्यादेत बसेल. उलट, सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटने पुसली तर निर्दोष मनुष्याच्या नमुन्याविषयी संशय उत्पन्न होईल. न्याय कधी कधी कापसाच्या एका बोळ्यावर अवलंबून असतो, तो असा.

कठोरपणाने प्रश्न सुटतो काय, याचे उत्तर बिहारच्या अनुभवात शोधता येते. त्या राज्याने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी केली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मद्यप्राशनाला किमान पाच वर्षांची कैद ठेवली. तुरुंग भरले; जामिनाच्या अर्जांनी न्यायालये भरली. २०१८ साली शिक्षा सौम्य करण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये देशाच्या तत्कालीन सरन्यायाधीशांनी, दूरदृष्टीविना केलेल्या कायद्यामुळे न्यायालयांवर कसा भार पडतो याचे उदाहरण म्हणून या कायद्याचा उल्लेख केला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पिऊन आढळणाऱ्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे दोन ते पाच हजार रुपये दंड भरून सुटता येते. न भरल्यास महिनाभराची कैद. पाच वर्षांपासून दोन हजार रुपयांपर्यंतचा हा प्रवास सहा वर्षांत झाला.

परंतु येथे दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. कठोर कायद्याची मागणी नेहमीच सत्तेच्या हौसेतून आलेली नाही. १९९२ साली आंध्र प्रदेशच्या नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावच्या स्त्रियांनी ताडी-सारायच्या दुकानांविरुद्ध कंबर कसली, आणि ते आंदोलन राज्यभर पसरले. १९९५ च्या जानेवारीत तेथे संपूर्ण दारूबंदी झाली. १९९७ साली ती सैल झाली. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तीही लोकांच्या आंदोलनातून आलेली. मतपत्रिकेवरील ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ यांतून निवड करून गावातील दुकान बंद करण्याचा अधिकार महाराष्ट्रातील स्त्रियांना मिळाला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. या स्त्रियांचे गाऱ्हाणे कोणते होते? रस्त्यावर कोणी झिंगत जातो, हे नव्हे. मजुरीचे पैसे घरी पोचत नाहीत आणि मार मात्र पोचतो, हे ते गाऱ्हाणे होते. सार्वजनिक मद्यधुंदपणाचा कायदा घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. वाटसरूला झालेला त्रास तो मोजतो. पत्नीला झालेला त्रास मोजण्यासाठी दुसरे कायदे शोधावे लागतात. म्हणून रस्त्यावरील मद्यप्यांना किती पकडले याचे आकडे फुगले, तरी त्या स्त्रियांच्या दुःखाचे परिमार्जन झाले असे म्हणता येणार नाही.

आणि ज्यांना पकडले जाते ते कोण? क्लबात पिणाऱ्यास भिंतींचा आडोसा असतो, घरी नेणारे वाहन असते. ज्याला घरच नाही, त्याचे सारे आयुष्यच सार्वजनिक जागी घडते. त्याचे जेवण, त्याची झोप आणि त्याची नशासुद्धा. कायद्याचे शब्द सर्वांना समान असले, तरी त्यांचा भार पदपथावर राहणाऱ्यावर अधिक पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६८ साली टेक्सासमधील एका खटल्यात हाच प्रश्न आला होता. बूट पॉलिश करून पोट भरणाऱ्या, व्यसनाने जखडलेल्या एका मनुष्याला रस्त्यावर नशेत असल्याबद्दल दंड झाला होता. व्यसन हा रोग असेल तर त्याच्या लक्षणाबद्दल शिक्षा कशी करावी? न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने शिक्षा कायम केली. एका मताचे ते अंतर प्रश्नाची अवघड जातकुळी दाखविते. आपल्याकडे आणखी एक विसंगती आहे. दारूवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांचा. तमिळनाडूत तर २००३ पासून किरकोळ विक्रीही सरकारी महामंडळाकडेच आहे. एका हाताने बाटली विकणारे शासन दुसऱ्या हाताने ती पिणाऱ्याची मान पकडते, तेव्हा त्याच्या नैतिक अधिकाराविषयी नागरिकाच्या मनात शंका आल्यावाचून राहत नाही.

वैद्यकशास्त्राने या साऱ्या प्रश्नाला निराळे वळण दिले आहे. अडखळती चाल आणि तुटक बोलणे ही केवळ दारूची लक्षणे नव्हेत. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली तर तो असाच वागतो. डोक्याला मार लागून कवटीत रक्तस्राव होत असेल तर तोही असाच दिसतो. आणि ज्याने खरोखरच मद्यपान केले आहे, त्याच्याही डोक्याला पडताना मार लागू शकतो. अशा माणसाला ‘झोपून उठला की ठीक होईल’ म्हणून कोठडीत टाकले, तर तो सकाळी उठणारही नाही. संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. त्याच कायद्याच्या १०० व्या कलमाने, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसणाऱ्या भटक्या व्यक्तीस संरक्षणाखाली घेऊन, अधिकाधिक चोवीस तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत पोचविण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले. आणि तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवू नये असे बजावले. १८६१ च्या कायद्यातील ‘असमर्थ’ हाच शब्दार्थ येथे पुन्हा भेटतो. तेथे तो अटकेचे कारण होता. येथे तो शुश्रूषेचे कारण आहे. दीडशे वर्षांत कायद्याने केलेला प्रवास या एका शब्दात सामावलेला आहे.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. कायद्याने तीन माणसांत भेद केला पाहिजे. दुसऱ्यावर हात उगारणारा, रस्त्यात स्त्रीची वाट अडविणारा किंवा नशेत वाहन हाकणारा एक. त्याला त्याच्या कृत्याबद्दल पूर्ण शिक्षा व्हावी. स्वखुशीने केलेली नशा ही सबब होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच बासदेव खटल्यात स्पष्ट केले आहे. आरडाओरड करून शांतता भंग करणारा दुसरा. त्याच्यासाठी सौम्य दंड किंवा सामाजिक सेवा पुरेशी आहे, मात्र पुरावा न्यायालयात टिकेल असा हवा. आणि तिसरा, जो नुसता पडलेला आहे. त्याला कायद्याची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. या तिघांना एकाच कोठडीत लोटले की पहिला स्वस्तात सुटतो आणि तिसरा जिवाला मुकतो.

प्रारंभी पाहिलेला शिपाई अजून त्या पायरीशी उभा आहे. त्याच्याजवळ कायद्याची पुस्तके नाहीत, रक्त तपासण्याचे साधन नाही. परंतु त्याच्याजवळ एक विजेरी आहे. ती पेटवून त्याने प्रथम त्या मनुष्याचे डोके पाहावे. जखम आहे का, श्वास नीट चालला आहे का, हाक मारली तर तो ओ देतो का, हे पाहावे. त्याला कुशीवर वळवावे. उत्तर संशयास्पद असेल तर वाहन बोलावून त्याला रुग्णालयात न्यावे. गुन्हा कोणता आणि कोणत्या कलमाखाली, हा प्रश्न सकाळपर्यंत थांबू शकतो. त्या मनुष्याचा श्वास थांबू शकत नाही.